शापोऱ्यावरचा हिवाळा: उतरतं पाणी आणि हिरवी अळी

हिमाचलात 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटची मासेमारी बंद असते. ब्राउन ट्राउट त्याच थंडीत अंडी घालतो, आणि ती बंदी योग्यच आहे. काश्मीरचा हंगामही तोवर संपलेला असतो. म्हणजे गोव्यातल्या पेडण्यात राहणाऱ्या माणसाला हिवाळ्यात फ्लाय रॉड, म्हणजे पिसं-धाग्यांची नकली माशी फेकायची काठी, चालवायची असेल तर घराजवळचंच पाणी बघावं लागतं. आमच्याकडचं पाणी म्हणजे तिळारी धरणातून सुटून, दोडामार्ग मागे टाकून गोव्यात शिरणारी आणि पुढे शापोरा म्हणून समुद्राला मिळणारी नदी.

ट्राउट इथे नाही आणि कधी असणारही नाही. पाणी 20 अंशांच्या वर गेलं की ट्राउटची दमछाक होते. ट्राउटच्या मुलखातले जबाबदार गळकरी अशा वेळी स्वतःहून काठी गुंडाळतात. माझ्या थर्मामीटरवर या नदीचं पाणी पौषातल्या पहाटेसुद्धा 23-24 अंशांच्या खाली उतरत नाही. पण धरणाखालच्या ट्राउट नद्यांवर लोकांनी जी विद्या कमावली आहे, तिचा बराच भाग इथे जसाच्या तसा लागू पडतो. या हिवाळ्यात मी तेच पडताळत होतो, आणि यंदा हाताला खूप काही लागलं.

आधी तिकडचं थोडक्यात. न्यू मेक्सिकोतल्या नव्हाहो धरणाखालची सॅन हुआन नदी घ्या. जलाशयाच्या तळाचं पाणी सोडल्यामुळे तिथे बाहेर बर्फ पडत असतानाही नदी गोठत नाही. पाणी 4 अंशांना सर्वांत जड होतं, म्हणून थंड मुलखात जलाशयाचा तळ भर हिवाळ्यातही त्या आसपास टिकून राहतो. हवा शून्याखाली आणि नदी वाहती, त्यामुळे ट्राउट बारा महिने खातो. खातो काय, तर मुख्यतः मिज माशीच्या बारीक अळ्या. म्हणून तिकडे हिवाळ्यात 20-22 नंबरच्या हुकावरच्या (नंबर मोठा तितका हुक बारीक), तांदळाच्या कणीएवढ्या नकली माश्या चालतात.

आपल्या हवामानात तळाच्या पाण्याचं गणित वेगळं आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री गार पडल्या की जलाशयाचा वरचा थर थंड होऊन खाली बसतो आणि सगळं पाणी घुसळून निघतं. त्यामुळे हिवाळ्यात सुटणाऱ्या पाण्यात प्राणवायू चांगला असतो. हेच पाणी एप्रिल-मेमध्ये थरांत विभागलं जातं. तेव्हा तळाचा थर प्राणवायूविना पडून राहतो, सडक्या अंड्यासारखा वासही मारतो. माझ्या मते आपल्याकडे धरणाखाली फ्लाय टाकायचा खरा हंगाम दत्तजयंतीपासून शिमग्यापर्यंतचाच, त्याचं हे एक मोठं कारण.

आता नदीबद्दल. तिळारी प्रकल्पासाठी महाराष्ट्र आणि गोवा यांच्यात 1990 साली करार झाला. धरण दोडामार्ग तालुक्यात आणि कालव्यांचं पाणी दोन्ही राज्यांना. पावसाळा संपला की नदीत किती पाणी हे आभाळ ठरवत नाही. वरून किती सोडलं, कालव्यात किती गेलं, वायंगणाच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, लावणीला कुणी किती उचललं आणि वाटेतल्या बंधाऱ्यांच्या फळ्या घातल्या की काढल्या, यावर सगळं ठरतं. त्यामुळे एकाच आठवड्यात नदी दोन वेगवेगळ्या रूपांत भेटते. सोमवारी गुडघाभर पाण्यातून पलीकडे जाता येतं आणि गुरुवारी तिथेच कंबरेला धार लागते.

पूर्वी मी भल्या पहाटेची वेळ धरून जायचो, कारण ट्राउटच्या काठावर तीच सवय लागली होती. यंदा घड्याळ बाजूला ठेवून फक्त पातळी बघितली. इब्रामपूरच्या खालच्या अंगाला माझी एक ठरलेली जागा आहे. तिथे जांभ्याच्या एका मोठ्या दगडावर पांढऱ्या रंगाच्या आडव्या रेघा मारून ठेवल्या, दोन रेघांमध्ये चार बोटांचं अंतर. पोचलो की आधी रेघ बघायची, अर्धा तास नुसतं बसायचं आणि पुन्हा बघायची. पाणी चढतंय, थांबलंय की उतरतंय हे कळल्याशिवाय काठीला लाईन जोडायचीच नाही.

निकाल स्वच्छ आहे. चढत्या पाण्यात काही मिळत नाही. पाचोळा, बांबूची पानं, सुपारीच्या बागेतला कचरा सगळा वाहून येतो, हुक दर फेकीला भरतो आणि मासा कडेच्या मुळांत शिरून गप्प राहतो. थांबलेल्या पाण्यात बरं चालतं. पण तासाला दोन बोटं या वेगाने पाणी उतरू लागलं की नदी जागी होते. काठावर गुरं धुवायला येणारे एक आजोबा मला कितीतरी दिवसांपासून हेच सांगत होते: "पाणी उतराक लागला काय गरी घाल रे झिला. चडता तेवा रवान घे." त्यांची गरी बांबूची आणि आमिष गांडुळाचं. पण नदी त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळते, आणि यंदाची सगळी निरीक्षणं मी त्यांना विचारून पक्की केली.

असं का होतं, ते दगड उलटून बघितल्यावर समजतं. धरणाखालच्या पाण्यात जलाशयातलं सूक्ष्म प्लवंग सतत वाहून येतं. ते गाळून खाणाऱ्या किड्यांची तिथे चंगळ असते, मग ते अमेरिकेतलं मोंटाना असो की पेडणे. धारेतला एक चपटा दगड मी हलकेच उचलला. खालच्या बाजूला, खडे चिकटवून केलेल्या घरट्याच्या तोंडाशी, करंगळीच्या नखाएवढं रेशमी जाळं ताणलेलं होतं. वरची धार गेल्यामुळे ते लगेच मिटलं. त्यामागे कॅडिस या पाणकिड्याची अळी, पोटाखाली कल्ल्यांचे पांढरे झुबके, डोकं तपकिरी, अंग मळकट हिरवं. बोटावर घेतली तर अंग आकसून इंग्रजी सी अक्षरासारखी वळली. पाणी उतरू लागलं की कडेच्या उथळ दगडांवरच्या अशा अळ्या उघड्या पडण्याआधी जागा सोडतात आणि धारेबरोबर वाहत निघतात. मासा नेमका तिथे येऊन उभा राहतो जिथे वेगवान धार आणि संथ पाणी एकमेकांना लागून वाहतं. पाणी उतरतं तशी ती शिवण आणखी अरुंद होते, खाणं एका पट्ट्यात गोळा होतं आणि मासाही.

म्हणून यंदा डब्यातली निम्मी ट्राउट-फ्लाय काढून ठेवली आणि एकाच माशीवर मेहनत घेतली. 14 नंबरचा वाकडा हुक, पुढे 2.5 मिलिमीटरचा टंगस्टन मणी, अंगाला हिरवं डबिंग (धाग्यावर वळायचे मऊ तंतू), त्यावर बारीक तांब्याची तार आणि मानेशी मोराच्या पिसाचे दोन वेढे. बाजारातलं हिरवं डबिंग फार झगमगीत असतं, नदीतल्या अळीचा मळकटपणा त्याला येत नाही. शेवटी नारळाच्या सोडणाचा मऊ काथ्या घेतला, धुऊन, बारीक कातरून, ऑलिव्ह रंगाच्या लोकरीत मिसळला आणि मेण लावलेल्या धाग्यावर वळला. भिजल्यावर त्याचा रंग खऱ्या अळीच्या इतका जवळ जातो की दोन्ही तळहातावर शेजारी ठेवून मी बराच वेळ बघत राहिलो. काथ्याचे ताठ केस बाहेर राहतात, ते पायांसारखे हलतात. वळताना मात्र काथ्या फार घेऊ नका. माशी जाड झाली की मण्याचं वजन असूनही ती लवकर बुडत नाही.

काठी 3 वेट (वेट म्हणजे लाईनच्या वजनाचा नंबर), साडेसात फुटी. लीडर, म्हणजे लाईनपुढची निमुळती दोरी, 9 फूट, पुढे दोन-अडीच हात 5एक्स जाडीचं फ्लुरोकार्बन. मासा लागल्याचं दाखवणारा तरंगता इंडिकेटर म्हणून लोकरीचा पिवळा झुपका, माशीपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट वर. मागे बांबूची बेटं असल्यामुळे ओव्हरहेड कास्टला जागाच नाही. सगळं रोल कास्टवर चालतं आणि यंदा माझा रोल कास्ट खरोखर सुधारला. काठी मागे नेल्यावर लाईनचा तो पोटासारखा लोंबता झोल खांद्यामागे पूर्ण तयार होईपर्यंत थांबायचं आणि मगच पुढे झटकायचं, एवढ्या एका गोष्टीने माझी फेक दीडपट लांब गेली. लाईन पडल्या पडल्या वरच्या अंगाला मेंड करायचा, म्हणजे लाईन उचलून धारेच्या वरच्या बाजूला टाकायची, म्हणजे मधली वेगवान धार माशीला ओढून नेत नाही आणि ती तळाशी मोकळी वाहते. बाकी सगळं कौशल्य इथेच आहे. ओढली गेलेली माशी इथला मासा बघतसुद्धा नाही.

त्या शिवणीत मला सर्वांत जास्त भेटतो तो लांब तुऱ्याचा बार्ब, शास्त्रीय नाव डॉकिन्सिया फिलामेंटोसा. इंडिकेटर बुडत नाही, फक्त वाहता वाहता क्षणभर अडखळतो. तेवढ्यात काठी उचलायची. पंजाएवढा मासा, पण धारेत आडवा होऊन असा ताणतो की 3 वेटची काठी मुठीपर्यंत वाकते. जाळीत घेऊन पाण्यातच बघावा: चंदेरी अंग, शेपटीच्या अलीकडे लांबट काळा ठिपका, शेपटीच्या दोन्ही टोकांना लाल-काळी झाक, आणि मोठा नर असेल तर पाठीच्या पराचे किरण वाढून झालेले लांब काळे तंतू, पाण्यात मोकळे तरंगणारे. पश्चिम घाटाच्या नद्यांतला हा आपला हक्काचा मासा आहे. मत्स्यालयाच्या काचेत त्याला बघणाऱ्यांनी एकदा तरी तो वाहत्या पाण्यात बघावा.

दुपारनंतर पाणी स्थिर असेल तर मणी लावलेली माशी काढून 16 नंबरची ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी माशी, बांधतो. वरच्या उथळ धारांत बॅरिलियस जातीचे बोटभर-वितभर मासे आहेत, अंगावर निळसर उभे पट्टे. ते उसळी मारून माशी घेतात. याच गोत्रातल्या, उत्तरेकडच्या नद्यांतल्या रायामास बोला या मोठ्या माशाला ब्रिटिश गळकरी इंडियन ट्राउट म्हणत, आणि इथला हा धाकटा भाऊही माशीवर तसाच झडप घालतो. गावठी कोंबड्याच्या मानेच्या पिसाचं हॅकल, म्हणजे माशीभोवतीची पिसांची झालर, यासाठी उत्तम.

खालच्या, भरतीच्या पट्ट्यातलं काम यंदा कमी झालं. रेवोड्याच्या पुढे नदी रुंद होते आणि पाण्याला समुद्राची ओढ लागते. वरून पाणी जास्त सुटलं की गोडं पाणी खाऱ्याला समुद्राकडे रेटतं आणि चणक (जिताडा) त्याबरोबर सरकतो. सुकतीला (ओहोटीला) खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांधलेल्या शेताच्या, मानशीतून (पाण्याच्या दारातून) पाणी बाहेर पडतं तिथे 8 वेटच्या काठीवर क्लाउझर मिनो, म्हणजे लहान माशासारखी पांढरी-हिरवी माशी, टाकली आणि कोपरापर्यंत लांबीचा एक चणक मिळाला. चणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे मोठे चणक सोडून देणं हेच नदीच्या भल्याचं. टार्पनही दिसले. हा मासा वर येऊन हवा गिळतो, त्याचं हवेचं पिशवीसारखं इंद्रिय फुप्फुसाचं काम करतं. लोळताना पाठी चमकल्या, पण माशी एकानेही घेतली नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी, अगदी कळकळीने. धरणाच्या पाण्यात उभं असताना पातळी बघायला विसरू नका. रेघ बुडाली, पाणी गढूळलं किंवा पानं वाहू लागली की काठी सावरत बसू नका, आधी बाहेर या. जांभ्यावरच्या शेवाळावर साधा बूट टिकत नाही, तळाला फेल्ट असलेले बूट आणि हातात आधाराची काठी हवीच. गोव्याच्या नद्यांत मगर आहे. बोरीला पौष अमावास्येला मातीची मगर करून मानगे थापणी होते, ती उगाच नाही. संथ, खोल, गढूळ कोंडीत मी उतरत नाही आणि संधिप्रकाशात तर अजिबात नाही. देवाच्या म्हणून राखलेल्या कोंडीत गळ टाकत नाही. हुकाचा काटा पक्कडीने दाबून टाकतो, आणि कोमट पाण्यात मासा लवकर थकतो म्हणून फोटोसाठी त्याला बाहेर काढत नाही. जून लागला की चढणीच्या माशांवर सगळीकडून हात पडतो. निदान आपल्या काठीने तरी विणीच्या माशाला त्रास नको, म्हणून पहिल्या पावसापासून माझी काठी कपाटात.

शिमग्यापर्यंत दोन गोष्टी करायच्या आहेत. एक, काथ्याची अळी 16 नंबरच्या हुकावर, मण्याशिवाय, उतरत्या पाण्याच्या शेवटच्या तासासाठी, कारण तेव्हा शिवणीत वीतभरच खोली उरते आणि मणी दगडात अडकतो. दुसरी, मानशीच्या तोंडाशी इंटरमीडिएट सिंकिंग (सावकाश बुडणारी) लाईन, सुकतीच्या पहिल्या अर्ध्या तासात. जांभ्यावर रेघा आणखी खाली वाढवून ठेवल्या आहेत. कालव्याला पाणी वाढलं की नदी किती आटते ते फेब्रुवारीत त्यावरून मोजता येईल.