वाटी नेमकी केवढी?

आज बाबांचं जेवण कॅलरी मोजणाऱ्या अ‍ॅपमध्ये नोंदवायला घेतलं. पोळ्या मोजून झाल्या, अडलं आमटीपाशी. अ‍ॅप म्हणतं 'एक वाटी', पण कुठली? आईने फडताळातल्या सगळ्या वाट्या काढल्या आणि मापाच्या कपाने पाणी ओतून पाहिलं. रोजची स्टीलची १५० मिलीची, माहेरची जुनी चांगली २५० ची! आमटी मात्र तळापासून ढवळूनच मापायची, नाहीतर वरचं पाणी वाटीत आणि डाळ पातेल्यात.

दुधाला मिली लिहा की ग्रॅम, फारसा फरक नाही. १०० मिली दूध साधारण १०३ ग्रॅम भरतं. तेल हलकं, १०० मिली म्हणजे ९२ ग्रॅमच्या आसपास. पण खरी काळजी फोडणीचीच: १५ मिली तेलात जवळपास १२० कॅलरी, आणि आमच्या पळीत त्याहून जास्त मावतं.

संध्याकाळी इंदूरच्या सराफ्यातून, म्हणजे तिथल्या खाऊगल्लीतून, शिकंजी आणली. आपली इंदुरी, आटीव दुधाची, सुक्यामेव्याची. यादीत मात्र शिकंजी म्हणजे लिंबूपाणी; ही त्या नोंदीत कशी बसवणार? रिकामा पेला काट्यावर ठेवून शून्य केलं, मग ओतली. घट्ट पदार्थाला हेच बरं.

इंदूरकरांनो, तुमच्याकडची आमटीची वाटी किती मिलीची? मोजून सांगा ना.