'फ्यू' की 'अ फ्यू'? वहीचा सहावा आठवडा

माझ्या इंग्रजीच्या वहीत सध्या 'फ्यू', 'मच' अशा शब्दांचा घोळ चाललाय. या सगळ्याची सुरुवात एका मेलपासून झाली. ज्यांच्याशी मी भाषेची देवाणघेवाण करतो, त्यांचा एक मसुदा वाचून मी कळवलं, 'आय हॅव फ्यू क्वेश्चन्स.' मला म्हणायचं होतं, चार-पाच शंका आहेत. उत्तर आलं, 'वा, म्हणजे सगळं स्पष्ट आहे तर!' शंका माझ्याजवळच राहिल्या. राहून गेला होता फक्त एक 'अ'.

नियम पाठ नव्हता असं नाही. 'अ फ्यू' होकारी, 'फ्यू' नकारी, हे शाळेपासून घोकलंय. पण ऐन वेळी आठवेल तर शपथ! तोडगा शेवटी मराठीतच मिळाला. 'थोडं पाणी आहे' आणि 'थोडंच पाणी आहे' यांत आपली कधी गल्लत होत नाही. पहिल्यात दिलासा, दुसऱ्यात काळजी. आपण 'च' लावून जे साधतो, ते इंग्रजी 'अ' काढून साधतं. आता लिहिताना मनातल्या मनात 'च' लावून बघतो; शोभला तर 'अ' उडवायचा. 'वी हॅव अ लिटल टाइम': थोडा वेळ आहे, बसा. 'वी हॅव लिटल टाइम': थोडाच वेळ आहे, आटपा. (हे दुसरं वाक्य जरा पुस्तकी वाटतं. बोलताना 'नॉट मच टाइम' जास्त ऐकू येतं.)

त्या 'मच'चंही कोडं असंच सुटलं. 'आय हॅव मच वर्क' व्याकरणात बसतं, पण कानाला खटकतं. आपल्या 'फारसं'सारखं आहे ते: 'फारसं काम नाही' म्हणतो, 'फारसं काम आहे' कोणी म्हणत नाही. होकारी वाक्यात सरळ 'अ लॉट ऑफ' घालायचं. 'टू मच' आणि 'सो मच' मात्र कुठेही चालतात, त्यामुळे ही तुलना अर्ध्या वाटेपर्यंतच साथ देते.

मोजता येणाऱ्या नामांना 'मेनी', न येणाऱ्यांना 'मच', हे सोपं. अडतं ते कुठली नामं मोजायची यात. आपले केस अनेकवचनी, त्यांचं 'हेअर' एकवचनी. आपण चार सल्ले देतो, त्यांना 'ॲडव्हाइस'चं अनेकवचनच नाही. अशांची यादी वहीच्या मागच्या पानावर वाढतेच आहे.

'लेस' आणि 'फ्युअर' (दोन्ही म्हणजे 'कमी') यांवर मी गरजेपेक्षा जास्त दिवस घालवले. मोजता येतं तिथे 'फ्युअर'च हवं, या आग्रहाचं मूळ रॉबर्ट बेकर यांच्या इंग्रजी भाषेवरच्या 1770 सालच्या पुस्तकात दाखवतात, आणि तिथे त्यांनी फक्त स्वतःची आवड सांगितली होती! त्याआधी कित्येक शतकं लोक मोजता येणाऱ्या वस्तूंनाही बिनदिक्कत 'लेस' लावत होते. आजही अंतर, पैसा, वेळ यांचा एकगठ्ठा विचार असेल तर 'लेस'च येतं: 'लेस दॅन टेन माइल्स'. परीक्षेत 'फ्युअर' लिहा, पण बोलणाऱ्याला टोकू नका.

अजून न बसलेला एकच: 'क्वाइट अ फ्यू'. 'ओन्ली अ फ्यू' म्हणजे मोजकेच, आणि 'क्वाइट' लावलं की एकदम बरेच! इथे माझा 'च' काहीच कामाचा नाही. कालच एका वाक्यात पुन्हा उलटा अर्थ लावला. कोणाकडे युक्ती असेल तर सांगा.