बार्शी लाईटचा माग : नोंद चौथी

मागच्या नोंदीत पैज मारल्यासारखं लिहून बसलो होतो की लातूरपर्यंत रूळ कधी आले ते छापील कागदात दिसल्याशिवाय पुढची नोंद टाकणार नाही. दिसलं. 1911. अडीच महिने लागले, आणि त्यातले दोन तर मी चुकीचे शब्द टाईप करण्यात घालवले.

नव्यानं आलेल्यांसाठी: बार्शी लाईट म्हणजे अडीच फुटी रुळांची आपली जुनी छोटी गाडी. 1897 ला कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत, मग एका अंगाला पंढरपूर, दुसऱ्या अंगाला लातूर, 1927 ला मिरज. 1954 ला कंपनीकडून सरकारकडे गेली. आमचे आबा तिच्यानं पंढरीला जायचे. मला इंजिनातलं फारसं कळत नाही, मी कागदांच्या मागे आहे. तेही लातुरात घरी बसून, कारण मुंबई-हैदराबादच्या दप्तरखान्यांत चकरा मारायला रजा शिल्लक नाही.

पहिली चूक. इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या ऑनलाईन भांडारात 'लातूर रेल्वे' इंग्रजीत टाकलं की फारसं काही येत नाही. मी समजलो, नसेलच काही. अहो, तिथली शोधपेटी आपणहून फक्त पुस्तकाचं नाव, लेखक, विषय एवढंच बघते. पानांवरच्या मजकुरात शोधायचं असेल तर खाली वेगळा पर्याय निवडावा लागतो. तो निवडला आणि एवढा ढिगारा पुढ्यात आला की नको वाटलं. मग कंपनीचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत टाकलं आणि ढिगारा आवाक्यात आला. कंपनीला उभं करणाऱ्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉपच्या नावानं शोधलं तर वेगळीच गंमत. निम्म्या नोंदी पॅराशूटच्या, काही अरबी घोड्यांच्या. मला वाटलं दुसराच कुणी कॅल्थ्रॉप असेल. तर नाही, तोच! रेल्वेनंतर गड्यानं वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं आणि घोड्यांवर पुस्तकही लिहिलं. एक अख्खा रविवार त्यात गेला. ज्यांना हे टाळायचंय त्यांनी नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह लावावं. मी लावलं नाही, मजा आली.

दुसरी चूक मोठी, आणि ती जवळपास सगळेच करतात. आपण आजच्या नावानं शोधतो आणि कागद कालच्या नावानं पडलेला असतो. कुर्डुवाडी कितीही शोधा, त्या काळच्या रेल्वेच्या कागदांत ते स्टेशन 'बार्शी रोड' आहे. लातूर जिल्हा तर 15 ऑगस्ट 1982 चा. त्याआधीचं सगळं उस्मानाबादच्या पोटात, आणि त्याही मागं गेलात तर जिल्ह्याचं नाव नळदुर्ग. मग मी एक शंभरपानी वही घातली. डाव्या पानावर आजचं नाव, उजव्या पानावर गोऱ्या साहेबाचं स्पेलिंग. बीड म्हणजे बी-एच-आय-आर, भीर. नांदेडच्या शेवटी डीऐवजी आर. औसा म्हणजे ओ-डब्ल्यू-एस-ए. जालन्याची तर चार-पाच रूपं, त्यातलं एक जे-ए-यू-एल-एन-ए-एच. अंबाजोगाई हवी असेल तर मोमिनाबाद टाका. धाराशिवच्या शेवटी 'सेव' पण येतं, 'सेओ' पण. हैदराबाद संस्थानाच्या 1909 च्या गॅझेटियरनं, म्हणजे गावा-जिल्ह्यांच्या माहितीच्या सरकारी ग्रंथानं, या वहीची निम्मी पानं भरली. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशिया डिजिटल ग्रंथालयात इंपीरियल गॅझेटियरचे खंड पानापानानं वाचता येतात, तिथं स्पेलिंगं तपासून घेतली. वही झाल्यावर जुनेच शोध पुन्हा केले आणि ज्या पेट्या रिकाम्या वाटल्या होत्या त्या भरलेल्या निघाल्या.

मराठी पुस्तकांचं दुखणं वेगळं. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची स्कॅन केलेली पुस्तकं आर्काइव्हवर आहेत, पण नावं रोमन लिपीत आणि ज्यानं टाईप केली त्याच्या मर्जीनं. नुसता 'मराठवाडा' घ्या. मध्ये डब्ल्यू की व्ही, शेवटी एक ए की दोन, ठ साठी काय वाट्टेल ते. मी आता पूर्ण शब्द टाकतच नाही, पहिली चार-पाच अक्षरं आणि पुढं ताऱ्याची खूण (*).

आता 1911 कसं सापडलं ते. कुठल्या लाईनचा कुठला तुकडा किती मैलांचा आणि कधी उघडला याची जंत्री रेल्वे बोर्ड छापत असे. हाथीट्रस्ट या अमेरिकेतल्या डिजिटल ग्रंथालयात अशी एक प्रत दिसली, पण आपल्याकडून उघडलं तर विसाव्या शतकातली बरीच पुस्तकं बंदच असतात. बंद असली तरी आत शोध चालतो! कुठला शब्द कुठल्या पानावर किती वेळा आला एवढं ते सांगतं. तिथून पान क्रमांक उचलला, तेच पुस्तक आर्काइव्हवर गाठलं आणि सरळ त्या पानावर गेलो. बार्शी लाईटच्या खाली लातूरचा तुकडा, शेजारी 1911. पान डाव्या बाजूला करपल्यासारखं काळं झालंय, पण आकडा स्वच्छ आहे. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी?"

शोधगंगेवरही गेलो. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं चालवलेलं हे प्रबंधांचं भांडार फुकट आहे आणि आपल्या दोन्ही विद्यापीठांचे, संभाजीनगर आणि नांदेडचे, प्रबंध तिथं आहेत. प्रबंध सहसा प्रकरणागणिक तोडून ठेवलेले असतात. प्रस्तावना वाचू नका, निदान आधी तरी. शेवटची संदर्भसूचीची फाईल उघडा. कुणीतरी पाच वर्षं घालून जमवलेली यादी दहा मिनिटांत हाती येते. एका प्रसिद्ध नसलेल्या ग्रंथालयाच्या साईटवर मात्र तीन वेळा नाव नोंदवलं आणि तिन्ही वेळा पासवर्डचा मेल आला नाही. तो नाद सोडला.

शेवटी फसलीचा, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या महसुली सालाचा घोळ. एका कॅटलॉगमध्ये मी 1900 ते 1920 असा वर्षांचा गाळणा (फिल्टर) लावून बसलो होतो. काढून पाहिला तर निजामाच्या राज्याचा एक उर्दू अहवाल, प्रकाशन वर्ष 1321. तेव्हा दिल्लीत तुघलक होता, छापखाना कुठला! ते फसली साल. त्यात 590 मिळवा, 1911-12 झालं. म्हणजे मला हवं तेच साल, आणि माझ्याच गाळण्यानं बाहेर फेकलेलं. संस्थानाच्या कागदांसाठी आता मी वर्षाचा गाळणा लावतच नाही, फार तर आकडा फसलीत टाकतो.

अहवाल उर्दूत. आमच्या गल्लीतले चाचा निजामाच्या वेळी उर्दू शाळेत शिकलेले, नव्वदीला टेकलेत. लॅपटॉप घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो, अक्षरं मोठी करून दिली. त्यांनी बोट स्क्रीनला टेकवून लाम, अलिफ, ते, वाव, रे असं एकेक म्हटलं आणि थांबले.

"लातूर," म्हणाले. "आता खालची ओळ मोठी कर."

तेवढ्यात लाईट गेली आणि बॅटरी दगा देणारी. चाचांनी शुक्रवारी नमाजनंतर बोलावलंय.