अनुभव नसताना ऑटोमेशनमध्ये शिरावे कसे?

तुम्ही विचारलेत म्हणून लिहितो आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेल आणि पीएलसीची (म्हणजे यंत्रे आपोआप चालवणाऱ्या, प्रोग्राम करता येणाऱ्या कंट्रोलरची) कामे करत असल्यामुळे जालना, परभणी, लातूर, धाराशिव अशा सगळीकडच्या तरुणांकडून मला एकच प्रश्न येतो : शिक्षण वेगळे झाले, आजवरची नोकरीही वेगळ्याच कामाची, तर आता ऑटोमेशनमध्ये जागा मिळेल का? मिळेल. मात्र बहुतेक जण आधी सॉफ्टवेअरच्या कोर्सची चौकशी करतात, आणि माझ्या मते सुरुवात तिथून करू नये. सुरुवात पॅनेलच्या वायरिंगपासून करावी.

याचे कारण पीएलसीच्या जन्मातच आहे. 1968 साली अमेरिकेतल्या जनरल मोटर्सला रिलेंनी, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचांनी, भरलेल्या पॅनेलना पर्याय हवा होता, कारण गाडीचे मॉडेल बदलले की ती सगळी जोडणी नव्याने करावी लागे. त्या गरजेतून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मॉडिकॉन 084 हा पीएलसी पुढे आला. त्याचा प्रोग्राम लॅडरच्या, म्हणजे शिडीसारख्या दिसणाऱ्या सर्किटच्या आकृतीच्या, रूपात लिहिण्याची सोय ठेवली गेली, ती रिलेचे ड्रॉइंग वाचणाऱ्या इलेक्ट्रिशियनला तो वाचता यावा म्हणूनच. त्यामुळे ज्याला कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले आणि स्टार-डेल्टा स्टार्टर या मोटर चालवणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या साधनांचे ड्रॉइंग नीट वाचता येते, त्याला लॅडर परकी वाटत नाही.

मुलाखतीत मी हमखास विचारतो ती गोष्ट इथेच सांगतो. मोटरच्या स्टार्ट-स्टॉप सर्किटमध्ये स्टॉपचे बटण एनसी, म्हणजे न दाबलेल्या स्थितीत जोडलेले, का असते? कारण तार तुटली किंवा टर्मिनलचा स्क्रू सैल झाला तर बटण दाबल्यासारखाच परिणाम होऊन मोटर थांबते. बटण एनओ, म्हणजे दाबल्यावरच जोडले जाणारे, असते तर तुटलेली तार कुणाच्या लक्षात आली नसती आणि नेमक्या धोक्याच्या क्षणी बटण दाबूनही मोटर चालूच राहिली असती. आता हेच एनसी बटण पीएलसीच्या इनपुटला जोडले, तर लॅडरमध्ये त्याचा कॉन्टॅक्ट कसा काढाल? बटण एनसी आहे म्हणून कॉन्टॅक्टही एनसीच काढणारे अनेक जण भेटतात. प्रत्यक्षात बटण न दाबता इनपुटवर 24 व्होल्ट उभे असतात, प्रोग्राममधला त्याचा बिट 1 असतो, आणि लॅडरमधला एनओ कॉन्टॅक्ट बिट 1 असतानाच जोडला जातो, म्हणून कॉन्टॅक्ट एनओ काढावा लागतो. ज्याने स्वतः ती तार ओढून इनपुटचा दिवा लागलेला पाहिला आहे, तो इथे अडखळत नाही. (इमर्जन्सी स्टॉप मात्र केवळ प्रोग्रामच्या भरवशावर कधीही सोडू नये, त्याचे सर्किट स्वतंत्र सेफ्टी रिलेवरून न्यावे.)

सेन्सरच्या 4 ते 20 मिलिअँपिअर सिग्नलमागेही हाच विचार आहे. पाच मीटरच्या टाकीत 20 मिलिअँपिअर म्हणजे टाकी भरलेली, 12 म्हणजे अडीच मीटर पाणी, 4 म्हणजे टाकी रिकामी आणि शून्य म्हणजे तार तुटली. शून्यापासून सुरुवात केली असती तर रिकामी टाकी आणि तुटलेली तार यांत फरक करता आला नसता.

ज्याला तुम्ही ‘संबंध नसलेला अनुभव’ म्हणता, त्याविषयी मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट असलेला एक तरुण आमच्याकडे आला, तेव्हा त्याला पीएलसीची काहीच माहिती नव्हती. पण टर्बाइनने अचानक जास्त वाफ ओढली की ड्रममधला दाब उतरतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पाणी प्रत्यक्षात कमी होत असतानाही पातळी वर गेल्यासारखी दिसते, हे त्याने हंगामभर डोळ्यांनी पाहिले होते. केवळ पातळीवर चालणारा कंट्रोलर अशा वेळी फीड वॉटरचा व्हॉल्व्ह मिटू लागतो, म्हणजे नेमके उलटे काम करतो. म्हणूनच वाफेचा प्रवाह आणि पाण्याचा प्रवाह हेही त्याच्या हिशेबात घ्यावे लागतात. हे समजावायला नव्या इंजिनिअरला फळ्यावर आकृत्या काढून द्याव्या लागल्या, आणि त्या तरुणाने मात्र ऐकताच मान डोलावली. प्रोग्रामिंग तो पुढे शिकला. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये, लातूरच्या डाळमिलमध्ये किंवा परभणीच्या जिनिंगमध्ये काम केलेल्यांकडेही असे ज्ञान असते, पण अर्जात ते त्याचा उल्लेखच करत नाहीत. यंत्र कोणत्या क्रमाने चालते, कुठे अडते आणि अडले की ऑपरेटर काय करतो, हे अर्जात सविस्तर लिहावे.

प्रत्यक्ष सुरुवातीसाठी वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्यातल्या लहान पॅनेल बनवणाऱ्या शेडमध्ये जावे. तिथे तारांच्या टोकांना फेरूल लावणे, लग दाबून बसवणे (क्रिम्प करणे), ड्रॉइंगप्रमाणे वायरिंग करणे, मग एकेक इनपुट-आउटपुट तपासणे असे काम हाती येते आणि त्यातूनच कमिशनिंगसाठी, म्हणजे यंत्रणा प्रत्यक्ष सुरू करून देण्यासाठी, साइटवर जाण्याची संधी मिळते. आयटीआय झालेल्यांनी अप्रेंटिसशिपचा मार्ग सोडू नये. पगार सुरुवातीला कमी असतो, आणि कारखाने शटडाऊन सुट्टीच्या दिवसांत घेत असल्यामुळे रविवार आणि दिवाळी अनेकदा साइटवरच जाते. घरच्यांना याची कल्पना आधीच द्यावी.

सॉफ्टवेअरचा सराव संध्याकाळी घरी करता येतो. कोडेसिस हे पीएलसी प्रोग्रामिंगचे सॉफ्टवेअर विनामूल्य उतरवून घेता येते आणि त्यातल्या सिम्युलेशनवर हार्डवेअरशिवाय प्रोग्राम चालवून पाहता येतो. कोणत्या कंपनीचा पीएलसी शिकावा याची चिंता फार करू नये, कारण आयईसी 61131-3 या मानकामुळे लॅडर, फंक्शन ब्लॉक, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट यांची मांडणी सगळीकडे बरीचशी सारखी असते. कोर्स करायचाच असेल, तर प्रत्येकाला खरा पीएलसी, खरा सेन्सर आणि खरी मोटर हाताळायला मिळते का, हे वर्गात जाऊन पाहावे आणि मगच फी भरावी. शंभर टक्के नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातीवर घरातली पुंजी लावू नये.

मुलाखतीला येताना प्रमाणपत्रांसोबत स्वतः केलेले एखादे छोटे काम आणावे. दोन पंप आळीपाळीने चालवणारा प्रोग्राम, त्याचे वायरिंग ड्रॉइंग आणि एक पंप ट्रिप झाला, म्हणजे बिघाडामुळे आपोआप बंद पडला, तर दुसऱ्याने काय करावे याचे अर्ध्या पानाचे टिपण एवढे असले, तरी आमच्याकडे बोलायला भरपूर असते.