सत्तर टक्के

गेली 27 वर्षं लाईनमन म्हणून काम करतोय, त्यातली 14 युनियनमधे. अपघाताच्या केसेस भरपूर बघितल्या, पण 2019 च्या मार्चमधला कामगार न्यायालयातला तो एक दिवस काही केल्या डोक्यातून जात नाही म्हणून लिहितोय.

पोरगा कंत्राटी होता. नाव लिहीत नाही, कंपनीचं आणि कॉन्ट्रॅक्टरचंही नाही. कंत्राटी असला तरी आमच्या युनियनची पावती त्याने स्वतःहून फाडलेली. जून 2016, पाऊस तोंडावर, झाडं तोडायची आणि जंपर, म्हणजे दोन तारा जोडणारे तुकडे, बदलायची घाई. 11 केव्हीचं, म्हणजे 11 हजार व्होल्टच्या लाईनचं, परमिट (वीज बंद करून काम करायची परवानगी) घेतलं होतं, तेही फोनवर, पण त्या पोलवरून दोन फिडर, म्हणजे दोन वेगळ्या लाईनी, गेलेले आणि परमिट एकाचंच, दुसरा चालूच. तारेतला करंट जमिनीत उतरवायचा डिस्चार्ज रॉड गाडीत नव्हता, हँडग्लोव्हजची एकच जोडी तिघांना. उजवा हात गेला. जीव वाचला तो बेल्टमुळे, नाहीतर खाली काँक्रीटवरच आला असता.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरचा माणूस स्टँप पेपर घेऊन आला, दोन लाख घ्या आणि सही करा, म्हणजे पुढं काही मागायचं नाही. पोराचा बाप सही करणारच होता, म्हातारा म्हणत होता एवढे पैसे आम्ही कधी बघितलेच नाहीत. मी नेमका तेव्हा पोचलो आणि त्यांना बाहेर कट्ट्यावर बसवून समजावलं, दादा, कायद्याच्या कलम 17 नं असला हक्क सोडल्याचा कागद चालतच नाही, पण एकदा सही केली की पुढची दोन वर्षं तो कागद नाचवतील, म्हणून करूच नका. कॉन्ट्रॅक्टर म्हणेल माझी ऐपत नाही, म्हणू दे, कलम 12 प्रमाणे मूळ मालकालाही, म्हणजे कंपनीलाही, भरावं लागतं. आणि दावा दोन वर्षांच्या आत टाकायचा हे डोक्यात ठेवा. तेव्हा आमच्या तालुक्यात ईएसआय (कामगार विमा) लागू नव्हतं, त्यामुळे 1923 च्या कर्मचारी नुकसान भरपाई कायद्याखालीच जायचं होतं. आमच्याकडं कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच त्याचे दावे ऐकायला आयुक्त म्हणून बसायचे.

आता खरी भानगड सांगतो. या कायद्याला एक परिशिष्ट होतं, कुठला अवयव किती गेला की कमाईची ताकद किती टक्के गेली याचा तक्ता. हात खांद्यातून गेला तर 90. खांद्याच्या टोकापासून 20.32 सेंटिमीटरपेक्षा कमी उरला तर 80. त्याच्यापेक्षा जास्त उरला आणि तुटला कोपराच्या वर तर 70. आमच्या पोराच्या उरलेल्या हाताला सिव्हिलमधे डॉक्टरांनी टेप लावला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. टेप लावताना तो खिडकीकडं तोंड करून बसला होता आणि डॉक्टरांनी आकडा मोठ्याने सांगितला, साडेतेवीस. म्हणजे 70. टेपवरच्या त्या तीन साडेतीन सेंटिमीटरनं एका माणसाचे दहा टक्के इकडचे तिकडं होतात हे मी तोवर फक्त कागदावर वाचलेलं.

पण आमचं म्हणणं 70 नव्हतंच, 100 होतं. 1975 सालचा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता. त्यात सुतार होता, डावा हात कोपराच्या वर कापावा लागला, आणि कोर्टानं सांगितलं की सुतारकाम एका हातानं होत नाही, म्हणून हे पूर्ण कायमचं अपंगत्व. मग एका हाताचा लाईनमन कुठं असतो? मी तरी बघितला नाही.

आकड्यात फरक केवढा तेही सांगतो. पगार 9,500, पण तेव्हा कायदा 8,000 च्या वर धरत नव्हता. कायद्याच्या हिशोबानं त्याचे 60 टक्के 4,800, गुणिले वयाप्रमाणे ठरलेला गुणांक, 30 वयाला 207.98, झाले 9 लाख 98 हजार 304. त्याचे 70 टक्के धरले तर 6 लाख 98 हजार आठशे काहीतरी. तीन लाखांचा फरक. वयावरून पण भांडण झालं, आधारवर 1 जानेवारी आणि दोन वर्षं जास्त लागलेली, त्या हिशोबानं 32 चा गुणांक आणि जवळजवळ 20 हजार कमी. शाळेचा दाखला गावातून शोधून आणला तेव्हा ते मिटलं. लेकरांच्या तारखा नीट लावून ठेवा हो, खरंच.

दुसरं म्हणजे समोरचे म्हणत होते की हा सुरक्षेचा नियम मोडून मुद्दाम वर चढला. तो मुद्दा पूर्ण कायमच्या अपंगत्वात चालत नाही, अंशतः असेल तर चालतो. म्हणजे सगळा खटला त्या एकाच प्रश्नावर आलेला, 70 की 100.

त्या दिवशी आधी डॉक्टरांची साक्ष झाली. त्यांनी सांगितलं 70. आमच्या वकील मॅडमनी विचारलं, हा 70 टक्क्याचा दाखला हाताचा आहे की कामाचा? डॉक्टर म्हणाले हाताचा. मग पोलवर चढू शकेल का? नाही. शिडी धरू शकेल? एकट्यानं नाही. जंपर बांधू शकेल? डॉक्टर जरा थांबले आणि म्हणाले, लाईनवरचं कुठलंच काम तो करू शकणार नाही. प्रामाणिक माणूस, मी त्यांना नंतर जाऊन नमस्कार केला.

मग पोराची उलटतपासणी. समोरचे वकील म्हणाले, डाव्या हाताने कुलूप उघडता येतं ना, वॉचमनचं काम जमेल ना? तो म्हणाला, "जमंल साहेब. तेच मागायला मी तुमच्या कॉन्ट्रॅक्टरकडं चार वेळा गेलो. चारही वेळा गेटवरूनच माघारी धाडलं." वकील पुढचा प्रश्न शोधत कागद चाळायला लागले.

आणि मग त्याने पिशवीतून बेल्ट काढला. मी आणायला सांगितलेला नव्हता, मॅडमनी पण नाही. अपघाताच्या दिवशीचाच, एका बाजूचा पट्टा करपलेला. समोरच्यांनी हरकत घेतली, पण न्यायाधीश म्हणाले, बघू द्या. त्यानं तो कमरेला लावायचा प्रयत्न केला, टोक दातात धरून बकलमधून ओढलं, एवढं जमलं. पण कमरेचा दोर पोलभोवती फिरवून हुक दुसऱ्या बाजूच्या रिंगमधे अडकवायचा असतो, एका हातानं दोर ताणून धरायचा आणि दुसऱ्यानं हुक. त्यानं साक्षीच्या कठड्याच्या खांबाभोवती दोर टाकला, हुक उचलला की दोर सैल पडायचा, दोर धरला की हुक खाली लटकायचा. तीन वेळा. न्यायाधीश हळूच म्हणाले, राहू द्या, बसा तुम्ही. त्याचा बाप मागच्या बाकावर टोपी हातात घेऊन बसला होता, त्याच्याकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

बाहेर आल्यावर मला एकच गोष्ट खात होती. माझ्यासारख्या कायम लाईनमनचा हात गेला असता तर दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 20 प्रमाणे मला नोकरीवरून काढता आलं नसतं, त्याच पगारावर सबस्टेशनला किंवा ऑफिसात बसवावं लागलं असतं. एकाच पोलवर दोघं चढतो, करंट दोघांना सारखाच लागतो, आणि कंत्राटी पोराच्या वाट्याला फक्त तक्ता. युनियननं अजून पुष्कळ लढायचं बाकी आहे यात.

निकाल जुलैमधे लागला. 100 टक्के धरले, वर अपघाताच्या तारखेपासून 12 टक्के सरळ व्याज, म्हणजे वर्षाला एक लाख वीस हजाराच्या आसपास, आणि दवाखान्याची बिलं वेगळी. हायकोर्टात जायचं म्हटलं तरी मालकाला आधी रक्कम कोर्टात भरावीच लागते, त्यामुळे ते गेले नाहीत, भरली. 3 जानेवारी 2020 पासून पगाराची मर्यादा 15,000 झाली, तोच अपघात त्यानंतरचा असता तर त्याचे पूर्ण 9,500 धरून 11 लाख 85 हजार झाले असते.

निकालाची प्रत घेऊन आम्ही स्टँडवर एस.टी.ची वाट बघत होतो. त्यानं मोबाईल मांडीवर ठेवला, डाव्या अंगठ्यानं बायकोचा नंबर लावला, तसाच खाली वाकून कान लावला आणि एवढंच म्हणाला, "शंभर धरले गं."