डोळे गेले म्हणे

लग्नसराईत प्रिंटिंगवाल्यांचा फोन आला की मी आधी विचारतो, मशीन बंद पडलंय की नुसतं कुरकुरतंय? बंद असेल तर लगेच निघायचं, कुरकुरत असेल तर संध्याकाळी. या शेठनी तिसरंच उत्तर दिलं. "मशीन ठणठणीत आहे हो. ऑपरेटरचे डोळे गेलेत. तेवढं अक्षर मोठं करून द्या."

नारायण पेठेत खाली पत्रिकांचं दुकान, वर माळ्यावर डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवायचं काम. जुना मॉनिटर गेल्यावर शेठनी सेलमधून 43 इंची 4के टीव्ही आणला होता, कधी नाव न ऐकलेल्या कंपनीचा. पत्रिकेच्या दोन्ही बाजू शेजारी-शेजारी मावतात, शिवाय रात्री दुकान बंद झाल्यावर मुलाला मॅच. टीव्हीचा मॉनिटर करणाऱ्यांना हसणारे आमच्या धंद्यात पुष्कळ आहेत, मी त्यातला नाही. 43 इंचात 4के म्हणजे इंचाला साधारण 102 ठिपके. 24 इंची फुल एचडी मॉनिटरवर 92 भरतात. सत्यानाश करतो तो 32 इंची एचडी रेडी. 1366 बाय 768, इंचाला जेमतेम 49 ठिपके, आणि वर खोक्यावर '1080पी सपोर्ट' छापलेलं. सपोर्ट म्हणजे सिग्नल घेतो आणि मग गुपचूप लहान करून दाखवतो, हे गिऱ्हाइकाला कोण सांगणार?

ऑपरेटर काकू पेजमेकर या पानं जुळवायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या काळापासून या कामात. झालं होतं असं, की एका पत्रिकेत मोरपंखी जमिनीवर राणी कलरची अक्षरं होती. मुलाकडचं आडनाव शिंदे, छापून आलं 'शिदे'. प्रूफ पार्टीनं मोबाइलवर बघून 'ओके' केलेलं होतं. अशा 'ओके'चा अर्थ सगळ्या प्रिंटिंगवाल्यांना ठाऊक असतो, नवरदेवाचा फोटो बरा आलाय एवढाच. तरी गिऱ्हाईक तुटू नये म्हणून शेठनी सगळा लॉट पुन्हा छापला आणि त्याचा खर्च काकूंच्या पगारातून हप्त्यानं कापायला सुरुवात केली. काकूंनी बिचाऱ्यांनी स्वतःच्या पैशानं नवा चष्माही करून आणला होता.

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. खालचा टास्कबार अर्धा कापलेला. हा ओव्हरस्कॅन. डबा टीव्हीच्या काळात कडेची गचाळ पट्टी लपवायला चित्र थोडं फुगवून दाखवत, ती खोड स्वस्त टीव्हींनी अजून सोडलेली नाही. सिनेमात चार रेघा गेल्यानं काही बिघडत नाही. पण चित्र फुगवलं की एकही ठिपका आपल्या जागेवर राहत नाही, सगळं अक्षर मऊ पडतं. मग ते मऊ पडलेलं अक्षर धारदार दिसावं म्हणून कंपनीनं शार्पनेस चढवून ठेवलेला. त्यानं प्रत्येक काळ्या अक्षराभोवती पांढरी किनार आलेली. आपल्या लिपीत ही किनार फार घातक, कारण इंग्रजी अक्षराच्या डोक्यावर फार तर एखादा टिंब, आपल्याकडे शिरोरेषेच्या वर सगळा संसार. 'शिं'मध्ये वेलांटीची कमान आणि तिला खेटून अनुस्वार. मध्ये जी केसभर फट असते तीच जाते.

ओव्हरस्कॅन बंद केला, शार्पनेस शून्यावर आणला, चित्राचे रंग भडक करणारा 'व्हिव्हिड' मोड काढला. पांढऱ्यावरचं काळं अक्षर लगेच सुधारलं. मग ती शिंद्यांची पत्रिका उघडली, आणि तिथं काहीच फरक नाही. अनुस्वार पुन्हा घातलेला होता, पण पडद्यावर कमानीजवळ एक जांभळट डाग. अनुस्वार काढून बघितला, तरी डाग.

शेठचा मुलगा मागं उभा होता. म्हणाला, "काका, मी स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर बघितलाय. एकदम क्लिअर आहे." काकूंच्या विरुद्धचा मोठा पुरावा हाच. आता स्क्रीनशॉट निघतो कॉम्प्युटरच्या आत, केबलच्या अलीकडं. केबलमधून टीव्हीपर्यंत काय पोचतं याच्याशी त्याचा संबंध नाही. दुकानात टीव्ही दाखवतात तेही असंच उलट्या बाजूनं. पेनड्राइव्ह टीव्हीलाच लावायचा आणि पोपट, धबधबे, काचेतले मासे. कॉम्प्युटर जोडून चार ओळी मराठी टाइप करून दाखवणारा सेल्समन मला अजून भेटायचाय.

ग्राफिक्स कार्डाच्या सेटिंगमध्ये गेलो आणि उत्तर समोरच होतं: 60 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 60 चित्रं, आणि रंगासमोर 4:2:0. कार्ड जुनं, टीव्हीला चित्र नेणारी त्याची एचडीएमआय जोडणी 1.4 ची. 3840 गुणिले 2160 ठिपके, सेकंदाला 60 वेळा, प्रत्येक ठिपक्याला 24 बिट, म्हणजे जवळपास 12 गिगाबिट. 1.4 ची मर्यादा 10.2, आणि त्यातलेही प्रत्यक्ष चित्राच्या वाट्याला 8 च्या आसपास येतात. मग कार्डानं पळवाट काढली, तीच ही 4:2:0. उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा पाठवायचा, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एकच. सिनेमे असेच साठवलेले असतात आणि कुणाची तक्रार नसते, कारण माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक बारकाईनं कळतो, रंगातला तेवढा नाही. पांढऱ्यावर काळं असेल तरी निभावतं. पण राणी आणि हे मोरपंखी, दोघांचा उजेड जवळपास सारखाच. फरक आहे तो फक्त रंगाचा, आणि नेमका तोच वाटेत पातळ झालेला. मी पत्रिका कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्रेस्केल, म्हणजे रंग काढून नुसती करडी, करून दाखवली. अख्खा पडदा करडा, त्यात वधूवरांची नावं शोधायची पाळी.

त्याच कार्डावर 30 हर्ट्झ केलं की आकडा निम्म्यावर येतो, पूर्ण रंग जाऊ शकतो. तेवढ्यानं मात्र भागलं नाही. टीव्ही आलेला रंग स्वतःच पुन्हा पातळ करत होता. अशा वेळी मेनूमध्ये इनपुटचं नाव बदलून 'पीसी' करायचं. नाव बदलल्यानं चित्र बदलतं हे सांगितलं तर लोकांना चेष्टा वाटते, पण बऱ्याच टीव्हींमध्ये त्या नावावरूनच आतली प्रक्रिया ठरते. ते केलं आणि 'शिं'वरचा अनुस्वार वेगळा, गोल, जिथल्या तिथं दिसला.

काकू काही बोलल्या नाहीत. नवा चष्मा काढून पुसला, परत घातला आणि सरळ आदल्या दिवशीच्या फायली उघडून बघायला लागल्या.

मी शेठना वर बोलावलं. त्यांच्यासमोर आधीचं सेटिंग लावलं, मग नवं, मग पुन्हा आधीचं. ते जिन्याच्या तोंडाशी उभे, चष्मा शर्टाच्या खिशात. म्हणाले, "मला तर दोन्ही सारखंच दिसतंय." मी म्हटलं, "जरा जवळ या, चष्मा लावा." तेवढ्यात खाली गिऱ्हाईक आलं.

30 हर्ट्झवर माउस अडखळतो. दिवसभर ओढाताणीचं काम करणाऱ्याला ते बरं नाही. एचडीएमआय 2.0 चं साधं कार्ड टाकलं तर 18 गिगाबिटची वाट मिळते. 60 हर्ट्झवर हा टीव्ही पूर्ण रंग घेतो का ते एकदा तपासायचं आणि प्रश्न मिटला. शेठनी विचारलं, "आत्ता चालतंय ना?" चालतंय म्हटल्यावर कार्डाचा विषय संपला. काकूंचं म्हणणं, "अडखळला तर अडखळू दे दादा, ते मघाचं तेवढं परत आणू नका."

निघताना जिन्यात काकूंनी बिलाबद्दल विचारलं. नुसतं 'सर्व्हिस चार्ज' न लिहिता काय सापडलं ते लिहाल का? मी तीन ओळी लिहिल्या: कार्डाकडून रंग कमी जात होता, टीव्हीचं सेटिंग चुकीचं होतं, बारीक रंगीत अक्षर पडद्यावर दिसणं शक्य नव्हतं. शेठनी बिल वाचलं, आकडा बघून "रिमोटची बटणं दाबायचे एवढे?" म्हणाले आणि पैसे दिले. वरच्या तीन ओळींबद्दल काही नाही. पगारातून कापतात त्याचं काय, हे मी विचारलं तेव्हा "बघू" म्हणाले. तो "बघू" कसला, हे पेठेत धंदा करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

परवा त्यांचा पुन्हा फोन. सीझन जोरात आहे, काकूंच्या हाताखाली एक मुलगा ठेवलाय, त्याच्यासाठी 32 इंची टीव्ही बघून ठेवलाय, एचडी रेडी, स्वस्तात मिळतोय. मी म्हटलं, "शेठ, तो नका घेऊ. त्यापेक्षा साधा 22 इंची मॉनिटर घ्या."

"अहो, तरणं पोर आहे," शेठ म्हणाले, "त्याच्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

मॉनिटरचं कोटेशन व्हॉट्सअॅपवर टाकलंय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.