तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी उचलावी का, आणि टायर किती मोठे टाकावेत?

"भाऊ, गाडी उचलाची हाय, टायरं मोठे टाकाचे. किती इंच ठेवू?" मृग जवळ आला की हा प्रश्न मला आठवडी बाजारात, पंक्चरच्या दुकानात, अगदी लग्नाच्या मांडवातही विचारला जातो. विचारणारे बहुतेक शेतकरी, नाहीतर त्यांची पोरं. कुणी जुनी मारुती जिप्सी घेतलेली असते, कुणी महिंद्रा थार. माझी जिप्सी उचललेली आहे (सस्पेन्शन बदलून बॉडी उंच केलेली, यालाच लिफ्ट म्हणतात), मोठ्या टायरवर आहे आणि ती पावसाळ्यात वावरापर्यंत जाते, हे त्यांनी पाहिलेलं असतं. उभ्याउभ्या सांगून हे होत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझं मत आधी सांगून टाकतो. आधी टायर बघा. टायर बदलूनही गरज उरली तर गाडी उचला, आणि तीही त्या टायरला फिरायला जेवढी जागा लागते तेवढीच. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या काळ्या जमिनीत टायरची नक्षी आणि टायरमधली हवा यांनी जेवढं काम होतं, तेवढं लिफ्टच्या इंचांनी होत नाही.

कुणी विचारलं की मी उलट विचारतो, गाडी अडकते कुठे? उत्तर बहुधा एकच असतं, पांदणीत, म्हणजे वावराकडे जाणाऱ्या कच्च्या वाटेत. वर्षानुवर्षं बैलबंड्या आणि ट्रॅक्टर जाऊन पांदणीत दोन खोल चाकोऱ्या पडलेल्या असतात आणि मध्ये उंच वरंबा राहिलेला असतो. चाकं चाकोरीत उतरली की तो वरंबा गाडीच्या खालच्या बाजूला घासतो. जिप्सीला पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड (दोन चाकं जोडणारा एकच दांडा असलेला) अ‍ॅक्सल आहे, आणि त्यावरचा डिफरेन्शियलचा (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा सगळ्यात खाली येतो. अडकतो तो गोळा. लिफ्ट किट टाकली की चॅसिस (गाडीचा सांगाडा) वर जाते, बॉडी वर जाते, पण अ‍ॅक्सल चाकांना धरून असतो. तो होता तिथेच राहतो. चार इंच उचललेली गाडीही त्याच वरंब्यावर, त्याच गोळ्यावर बसते. गोळा वर न्यायचा तर चाकाचा व्यासच वाढवावा लागतो, आणि व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते.

हे टायरवरच्या आकड्यांवरून घरबसल्या काढता येतं. जिप्सीचं मूळ माप 205/70 R15. 205 मिमी ही रुंदी, बाजूची उंची तिच्या 70 टक्के, आणि रिम 15 इंची. दोन्ही बाजूंची उंची आणि रिम मिळून व्यास साधारण 668 मिमी भरतो. 215/75 R15 घेतला तर तो 703 मिमीच्या पुढे जातो, म्हणजे गोळा सुमारे 18 मिमी वर आला. 235/75 R15 चा व्यास 733 मिमीच्या आसपास, इथे सुमारे 33 मिमी मिळाले. सव्वा इंच. ऐकायला थोडे वाटतात, पण पांदणीच्या वरंब्यावर सव्वा इंचात निकाल लागतो.

थारवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं. 2020 नंतरच्या थारचं वरचं मॉडेल कंपनीकडूनच 255/65 R18 टायरवर येतं, म्हणजे व्यास जवळजवळ 31 इंच. आपल्या भागातल्या शेतरस्त्याला एवढं माप पुरतं. तिथे माप वाढवण्याआधी त्याच मापात चांगली नक्षी घ्या, असं मी सगळ्यांना सांगतो.

मग लिफ्टचा उपयोग काय? दोन ठिकाणी खरा उपयोग आहे. नाल्याचा काठ चढता-उतरताना बंपर आणि मागचा भाग मातीत रुतत नाही, हा एक. दुसरा खास आपल्या मातीचा. पावसाळ्यात खेड्यातली पोरं मोटरसायकलचं पुढचं मडगार्ड काढून ठेवतात, ते काय दिसायला म्हणून? काळा चिखल टायर आणि मडगार्डमध्ये ठासून बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. चारचाकीचंही तसंच होतं. मोठा टायर मूळ उंचीवर बसवला, तर कोरड्यात तो एखादवेळी कुठे घासणार नाही; पण चिखलात त्याच्यावर थर चढला की घासायला लागतो, वळताना अडतो. तेवढी मोकळी जागा ठेवायला जिप्सीला दीड-दोन इंच पुरेत.

आता माती, कारण खरं सगळं तिच्याच हातात आहे. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळलं की आकसतं, म्हणून उन्हाळ्यात वावराला हात जाईल अशा भेगा पडतात. मृगाच्या पहिल्या पावसात वरचा थर साबणासारखा होतो, पण खाली जमीन अजून कडक असते. अशा वेळी अरुंद टायर वरचा थर कापून खालच्या कडक जमिनीला पोहोचतो आणि पकड धरतो. रुंद टायर वरच घसरत राहतो. भादव्यात चित्र पालटतं. दोन-अडीच महिन्यांचं पाणी मुरलेलं असतं, खाली कडक असं काही उरतच नाही, आणि अरुंद टायर नुसता खाली खाली जातो. तिथे रुंद टायर हवा कमी करून थोडा तग धरतो. तरी खोल काळ्या रानात भादव्यात कुठलाच टायर चालत नाही. गाडी मुरमावर उभी करायची आणि पायी जायचं. म्हणून मी मधलं माप धरतो, उंचीने वाढलेलं आणि रुंदीने फार न वाढलेलं.

नक्षीचं म्हणाल तर ट्रॅक्टरचं मागचं चाक बघा. उंच, तिरपे ठोकळे आणि त्यांच्यामध्ये रुंद चर. चाक फिरलं की चरातला चिखल फेकला जातो आणि ठोकळा पुन्हा उघडा होतो. मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचा टायर, याच तत्त्वावर चालतो. ऑल टेरेनचे, म्हणजे सगळ्या जमिनींसाठीच्या टायरचे, चर अरुंद. मुरूम, गोटे, नाल्याची रेती यांत तो उत्तम, पण काळा चिखल त्याच्या चरात बसला की निघत नाही आणि टायर गुळगुळीत होऊन जातो. मात्र मड टेरेन डांबरी रस्त्यावर आवाज करतो, लवकर झिजतो, ओल्या डांबरावर त्याची पकड कमी. आठवड्यातून एकदा वावर आणि बाकी दिवस तालुक्याची ये-जा असेल तर ऑल टेरेन घ्या. रोज पांदण तुडवावी लागत असेल तरच मड टेरेन. आणि नक्षी कुठलीही असो, तुरीच्या खुंटांपासून सांभाळा. तूर कापल्यावर जे तिरपे टोकदार खुंट उभे राहतात, ते ट्रॅक्टरचा टायरही फाडतात.

सगळ्यात स्वस्त बदल हवेचा आहे, आणि तोच कुणी करत नाही. रस्त्यावर 28-30 पीएसआय हवा असेल तर चिखलात 18-20 वर आणा. टायर बसतो, जमिनीवरचा त्याचा ठसा लांबतो, पकड लगेच जाणवते. ट्यूबचे टायर असतील तर याच्या खाली जाऊ नका, रिम आत फिरून ट्यूबचा व्हॉल्व्ह उपटतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवा आणि डांबर लागायच्या आधी हवा पुन्हा भरा. कमी हवेवर समृद्धी महामार्गावर जाणं तर सोडूनच द्या. मे महिन्यात आपल्याकडे पारा कधीकधी 45 च्या वर जातो. सिमेंटचा तापलेला रस्ता, शंभरच्या पुढचा वेग आणि बसलेला टायर, म्हणजे टायर फुटायला दुसरं काही लागत नाही.

लिफ्ट करायचीच ठरवली तर कशी करता याला महत्त्व आहे. जिप्सीला पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) सस्पेन्शन आहे. नुसते लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणाऱ्या पट्ट्या) लावून गाडी वर करून देणारे पुष्कळ आहेत. दोन इंच लांब शॅकल लावला तर गाडी एकच इंच उचलते, आणि पुढच्या अ‍ॅक्सलचा कल बदलल्याने स्टीअरिंग सरळ रेषेत धरत नाही. पाटे अ‍ॅक्सलच्या वर नेऊन बसवायचीही एक पद्धत आहे. उंची भरपूर मिळते, पण प्रोपेलर शाफ्टचा (ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा) कोन वाढतो, त्याचे क्रॉस म्हणजे सांधे लवकर जातात, वेगात थरथर येते. उंची योग्य कमानीच्या नव्या पाट्यांतून घ्यावी आणि तिच्यासोबत लांब शॉकअप, लांब ब्रेक होज पाइप, शेवटी अलाइनमेंट हे सगळं एकत्र करावं. होज पाइप मूळ लांबीचाच ठेवला तर खड्ड्यात चाक पूर्ण खाली गेल्यावर तो ताणला जातो. तो तुटला तर ब्रेक गेला, एवढं कळलं की पैसे वाचवायचा मोह होत नाही. पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या, पाटे बसतात आणि बोल्ट सैल होतात.

थारची पुढची चाकं स्वतंत्र सस्पेन्शनवर आहेत. तिथे स्प्रिंगवर स्पेसर (जाड चकती) टाकून गाडी जास्त उचलली की सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, सतत तिरपा चालतो. त्याचं रबरी बूट (आवरण) फाटलं आणि आत काळी माती गेली, तर तो जॉइंट फार दिवस टिकत नाही.

टायर मोठा झाला की इंजिनावर आणि ब्रेकवर जास्त भार येतो. 235/75 वर जिप्सीचं गिअरिंग सुमारे दहा टक्क्यांनी लांबतं. स्पीडोमीटरचा काटा 60 दाखवतो तेव्हा गाडी 66 ने पळत असते. चढावर खालचा गिअर लवकर लागतो. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो आणि उंच झालेली गाडी वळणावर जास्त झुकते. मागे सरकीची पोती आणि माणसं भरून नेणाऱ्यांनी हे गंभीरपणे घ्यावं. हेडलाइटचा झोतही खाली आणून घ्या, समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांत तो सरळ जातो.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 असं म्हणतं की नोंदणीतल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येकी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर हात वर करू शकते. म्हणून काम हाती घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, आणि टायर बदलताना भारक्षमतेचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी घेऊ नका.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. गाडी उंच झाली म्हणून रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) वाहत्या पाण्यात घालू नका. जिप्सी टनभराची गाडी. पाणी फ्लोअरला लागलं की ती हलकी होते, मोठ्या टायरमध्ये कोंडलेली हवा तिला आणखी उचलते आणि प्रवाह बाजूने रेटतो. पूर उतरेपर्यंत अलीकडच्या गावात थांबा.

पांदण ही सगळ्या शिवाराची असते. ओल्या पांदणीतून मड टेरेनवर चाकं जागच्या जागी फिरवत गेलेली गाडी फूटभर खोल घळ पाडते. पावसाळा सरला की ती घळ तशीच वाळून दगड होते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत भरलेली बंडी त्याच घळीतून ओढायची वेळ बैलांवर येते. पाऊस उघडल्यावर दोन दिवस कडक ऊन पडू द्या. जायचंच असेल तर फोर बाय फोर लो (चारही चाकांना ताकद देणारा संथ गिअर) लावून, हवा कमी करून, चाक जागच्या जागी न फिरवता हळू जा. घळ पडलीच, तर दिवाळीच्या आधी मुरमाची एक ट्रॉली आणून ती बुजवा.